पांदणीवरची जुनी जिप्सी: अंगणातच करायची दुरुस्ती

आमची मारुती जिप्सी २००४ सालची. तेराशे सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) पेट्रोल इंजिन, कापडी टप, पुढेमागे अखंड एक्सल आणि चारही चाकांना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. घेतली तेव्हा पहिल्याच महिन्यात मी तिला दोन गोष्टी लावल्या: समोर एलईडीचा लांबलचक बार आणि खाली खरबरीत मोठे टायर. गावात दोन दिवस मिरवून झालं. मग मेच्या शेवटी, ऐन नवतप्यात (उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत), वरोऱ्याहून सरकीच्या ढेपेची पोती घेऊन परत येताना काटा लाल पट्ट्यात गेला, बोनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि पांदणीच्या तोंडाशी गाडी उभी राहिली. बाभळीच्या विरळ सावलीत दोन तास बसलो. शेजारचे काका बैलबंडी घेऊन चालले होते. थांबले, एलईडी बारकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाइट त मस्त हाय बावा. गाडी कवा चालते?"

तेव्हापासून पैशाचा आणि मेहनतीचा क्रम ठरून गेला. आधी ब्रेक दाबला की गाडी थांबली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग तिच्या पोटात पाणी आणि चिखल जायला नको, मग वायरिंग. शोभेचं सगळं त्यानंतर. आपल्याकडे जुनी गाडी वयाने कमी मरते; उन्हाने, काळ्या मातीने आणि आधीच्या चार मेकॅनिकांच्या जुगाडाने जास्त मरते. खाली लिहिलंय ते जिप्सीबद्दल आहे, पण महिंद्राची जुनी जीप असेल तरी एक्सल, पाटे, ब्रेक आणि वायरिंगचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

वेळ कोणती? तूर-हरभरा घरात आला की मृगापर्यंत वावर रिकामं असतं. मार्च ते मे हाच आपला गॅरेजचा हंगाम. जूनमध्ये चिखलात आडवं होऊन नट सोडवायची हौस ज्याला असेल त्याने खुशाल थांबावं.

जागा, ठोकळे आणि घोडी

उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी वाटते, पण ती आतून भेगाळलेली असते. जॅकचं सगळं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं आणि भेगेचा काठ अचानक ढासळतो. जॅकखाली दीड-दोन इंच जाड, निदान फूटभर लांब-रुंद लाकडी फळी हवीच. गाडी उचलली की एक्सलच्या नळीखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या, त्यांच्याखालीही फळ्या, आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड. मग गाडीला हाताने जोरात हलवून बघायचं. पडायची असेल तर आपण बाहेर असताना पडू दे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, आणि विटांचा थर रचून तर नकोच. वीट न सांगता फुटते. जिप्सीला हलकी म्हणतात, पण ती टनाच्या आसपास भरते.

हत्यारं फार लागत नाहीत. आठपासून चोवीसपर्यंत रिंग पाने आणि गोटी पाने, ग्रीसगन, मल्टिमीटर, तारेचा ब्रश, माशाच्या बाजारात असतो तसा ताणकाटा आणि एक टॉर्क पाना. टॉर्क पाना महाग वाटतो, पण दोघा-तिघांत मिळून घेता येतो. गंजलेल्या बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंजनाशक तेल सोडून ठेवा. सकाळी निम्मे बोल्ट शिवी न देता सुटतात. आपल्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्सही जवळ ठेवा, कारण कार्ब्युरेटरवाली जिप्सी आणि एमपीएफआय जिप्सी दिसायला बहिणी असल्या तरी बरेच आकडे वेगळे आहेत.

आधी धुवा, मग टोचा

पहिला पूर्ण दिवस फक्त धुण्याला द्या. चेसिसच्या पेटीत, पाट्यांच्या मधे, मडगार्डच्या आतल्या काठावर काळी माती वर्षानुवर्षं बसलेली असते. ही माती पाणी धरून ठेवते. बाहेरून गाडी वाळली तरी आत ती ओलीच असते आणि लोखंड तिथूनच खाल्लं जातं. चेसिसच्या भोकांमधून पाइप घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडत राहा. आमच्या गाडीतून निघालेल्या मातीने तीन घमेली भरली होती. त्यात एक दहा-अकराचा पाना सापडला, तो अजून वापरतोय.

वाळली की जाड पेचकस घ्या आणि टोचत चला: पाट्यांचे चेसिसवरचे आधार, बॉडी जिथे चेसिसवर टेकते ते रबर-ठोकळे, पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या वरची कोपऱ्याची जागा. हातोडीच्या मागच्या टोकाने हलकेच ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं भदभद वाजतं. सापडेल ते खडूने खुणवा आणि वहीत लिहा. पाट्याचा आधार कुजला असेल तर बाकी सगळं थांबवून आधी तो चांगल्या वेल्डरकडून करून घ्या.

ब्रेक

इथे फार चर्चा नाही, पण कंजुषीही नाही. मागचे ड्रम उघडा. व्हील सिलेंडरची रबरी टोपी उचलून आत ओल दिसली तर तो सिलेंडर गेला. दोन्ही बाजूचे एकदम बदला. लायनरवर एक्सलचं तेल आलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन परत बसवण्याचा मोह होतो. तेल लायनरमध्ये मुरलेलं असतं आणि तापलं की पुन्हा बाहेर येतं. सील बदला, लायनर बदला. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. पुढच्या डिस्कचे कॅलिपर आपल्या जागेवर मोकळे सरकतात का ते पाहा, चिखलाने ते अडकतात आणि एकाच बाजूचं पॅड झिजतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचंच. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्याकडे यायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडायचा, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. ब्रेकच्या डब्यात इंजिन ऑइल किंवा इतर कसलंही तेल कधीच घालू नका, सगळी रबरं फुगून जातात.

थंड ठेवणं: खरं अपग्रेड हेच

आपल्याकडे सावलीत पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि लो गिअरमध्ये पांदण चढताना रेडिएटरवर वारा जवळजवळ नसतोच. म्हणून या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

गाडी पूर्ण गार असताना झाकण उघडा. पाणी गढूळ, तांबूस असेल तर खालचा नळ सोडून सगळं काढा. खालच्या तोंडातून पाणी सोडून वरून बाहेर पडू द्या, म्हणजे उलटं धुतलं जातं. आपल्या बोअरचं पाणी जड आहे. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तेव्हा भरताना बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. वाटेत पाणी कमी पडलं तर जे मिळेल ते घालावंच लागतं, पण घरी आल्यावर ते काढून टाकायचं.

आता बाहेरची बाजू. गाडी पडीतून, गवतातून जाते आणि कुसळं थेट रेडिएटरच्या पापुद्र्यांत घुसतात. वर सोयाबीनच्या मळणीचा भुसा, कापसाची तुसं, धूळ. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. आमची दिसत होती. फॅनच्या बाजूने टॉर्च मारली तेव्हा खालच्या निम्म्या भागातून उजेडच येत नव्हता. पाण्याची धार इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, अगदी कमी जोराने मारा. जोराच्या धारेने पापुद्रे वाकतात. उरलेली कुसळं जुन्या दाताच्या ब्रशने आणि चिमट्याने एकेक काढावी लागतात. दुपार जाते, पण त्या एका दुपारीत काट्यात जो फरक पडला तो नंतरच्या कुठल्याही खर्चाने पडला नाही.

फॅनभोवतीचं आवरण जागेवर आहे का पाहा. बेल्ट बदलायला अडचण होते म्हणून ते काढून कुणीतरी कोपऱ्यात फेकलेलं असतं. ते नसलं की फॅन तिथल्या तिथे हवा घुसळत बसतो, रेडिएटरमधून ओढत नाही. भंगारातून शोधून आणा आणि बसवा.

झाकणाला लोक झाकणच समजतात. त्याच्या स्प्रिंगवर आतला दाब ठरतो. साधारण ०.९ बारचं झाकण नीट असेल तर आतलं साधं पाणीही १०० नाही, ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट घातल्यावर आणखी वर. झाकणाचं रबर चिरलं की ही सगळी सूट गेली. जुन्या गाडीला नवं झाकण डोळे मिटून घ्या, फक्त आकडा तोच असू द्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने होज आणि रेडिएटरचे जोड फुटतात. होज पाइप दाबून बघा: कडक, फुगलेले किंवा आतून कुरकुरणारे असतील तर बदला.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी झडप. "काढून फेका ना भाऊ, मंग गाडी गरमच नाही होत," हे मी निदान चार गॅरेजांत ऐकलं. तो नसला की इंजिन आपल्या तापमानाला वेळेवर पोचत नाही. एमपीएफआयच्या संगणकाला वाटतं गाडी अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. काढण्यापेक्षा तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने लोंबकळत सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅसवर ठेवा. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असतो, बऱ्याचदा ८२, त्या सुमारास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर तोच खरा आजार होता. पातेलं मात्र जुनं घ्या. आमच्या घरी या प्रयोगावरून जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भरून झालं की झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा, मग झाकण लावा. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही.

पोटातलं तेल आणि श्वासाची नळी

नाल्यातून जाताना गरम एक्सल गार पाण्यात बुडतो. आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्यासाठीच एक्सलच्या नळीवर एक छोटी श्वासाची बोंडी असते. ती चिखलाने बंद झाली की पाणी सिलमधून आत येतं, आणि गरम होताना तेल त्याच सिलमधून बाहेर जातं. मी मागच्या हाउसिंगचा (एक्सलवरच्या गिअरच्या फुगीर पेटीचा) खालचा बोल्ट पहिल्यांदा सोडला तेव्हा आधी वाटीभर निव्वळ पाणी आलं. मग दुधाच्या चहासारखं काहीतरी, आणि शेवटी चुंबकी बोल्टच्या टोकाला काळा लगदा. तो लगदा बोटांत चोळून पाहायचा: मऊसूत पेस्ट लागली तर वयाची झीज आहे, कण किंवा तुकडे टोचले तर क्राऊन-पिनियन (एक्सलमधले मुख्य गिअर) उघडायची वेळ आली आहे. आमचा मऊ होता. नशीब.

पुढचं-मागचं हाउसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी), चारही ठिकाणी क्रम एकच:

१. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, तेल पातळ होतं. मग सपाट जागी उभी करा.
२. आधी वरचा, भरण्याचा बोल्ट सोडा. तो सुटला तरच खालच्याला हात लावा. उलटं केलं आणि वरचा जाम निघाला तर रिकाम्या हाउसिंगची गाडी घेऊन बसाल.
३. तेल पूर्ण निथळू द्या, बोल्टचं चुंबक पुसा, वॉशर नवा.
४. वरच्या भोकातून तेल बाहेर ओघळायला लागेपर्यंत भरा. ओघळ थांबला की बोल्ट लावा.

दोन्ही हाउसिंगला जीएल-५ दर्जाचं हायपॉइड तेल. गिअरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च. जीएल-५ मधली काही रसायनं गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत. "चारही ठिकाणी एकच डबा चालतो" असं दुकानदार सांगतो, कारण त्याच्याकडे एकच डबा असतो.

आता तेलाइतकंच महत्त्वाचं काम. बोंडी काढा, तिथे बारीक निपल बसवा, त्याला तेल सहन करणारी रबरी नळी जोडा आणि ती बोनेटखाली उंच नेऊन तोंड खाली वळवून क्लिपने बांधा. मागच्या एक्सलची नळी चेसिसच्या कडेने पुढे आणता येते. चाक वरखाली होतं तेवढी ढील ठेवायची आणि सायलेन्सरपासून लांब ठेवायची. टोकाला बारीक फिल्टर लावला तर मुंग्या आणि माती दोन्ही आत जात नाहीत. एवढ्या स्वस्तात गाडीचं आयुष्य वाढवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटवर टांगलेली असते आणि मधे छोटा शाफ्ट असतो. ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना "ठक" आवाज आणि लिव्हर थरथरत असेल तर आधी ते रबर बघा, गिअरबॉक्स उघडायला कुणी सांगितलं तरी. शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारताना चारही टोपण्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. चिखलाचा हंगाम संपला की पुन्हा.

आणखी एक, कारण हे गावात सर्रास चालतं: जिप्सीला मधलं डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय, नाही. डांबरी किंवा सिमेंट रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळवली तर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात. चिखल संपला की टू-व्हीलवर या, आणि हाताने फिरवायचे हब असतील तर तेही मोकळे करा. उन्हाळ्यात मात्र महिन्यातून एकदा मातीवर फोर-व्हील टाकून थोडं चालवा, म्हणजे आत तेल फिरतं आणि पावसाळ्यात लिव्हर अडून बसत नाही.

स्टिअरिंग थरथरतं तेव्हा

साठच्या वेगाला खड्डा लागला आणि स्टिअरिंग हातातून सुटेल असं थडथडायला लागलं, हा अनुभव जुन्या जिप्सीवाल्याला सांगावा लागत नाही. बहुतेक जण स्टिअरिंग डॅम्पर (हिसके शोषणारा दांडा) बदलतात. महिना-दोन महिने बरं वाटतं, पण डॅम्पर रोग दाबतो, काढत नाही.

आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघा. मग पुढचं चाक उचला, घोडीवर ठेवा. चाक वर-खाली, घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा. खेळ लागला तर आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिला तर किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याचं, बेअरिंग. आता तीन आणि नऊवर धरून हलवा आणि दुसऱ्याला प्रत्येक टाय रॉड एंडवर बोट ठेवायला सांगा. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला लागतो.

किंगपिन उघडायचं झालं तर घाई नको. चाक, कॅलिपर, हब क्रमाने काढून मागचं मोठं गोल सील सोडा. आत चेंडूसारखा गोळा दिसेल, त्याच्याभोवती ग्रीस. आमच्याकडे ते ग्रीस नव्हतंच. तपकिरी, खरखरीत उटणं झालं होतं, कारण सीलमधून दोन-तीन पावसाळे आत गेले होते. वरचा आणि खालचा किंगपिन काढताना दोन्हींवर खूण करा आणि प्रत्येकाखालचे पातळ शिम वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. तेच शिम बेअरिंग किती घट्ट बसणार ते ठरवतात. सगळं रॉकेल किंवा डिझेलने धुवा, नवी बेअरिंगं आणि नवं सील घाला, आतल्या जॉइंटला मॉलिब्डेनमचं ग्रीस भरा, जुन्यावर नवं लेपू नका.

आता ताणकाटा. टाय रॉड सुटलेला असताना नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या भागाच्या) ज्या भोकात तो बसतो त्यात ताणकाट्याचा हूक अडकवून ओढा आणि नकल हलायला लागताना काटा किती दाखवतो ते मॅन्युअलशी ताडून बघा. हलकं जात असेल तर एक शिम कमी करा, जड असेल तर वाढवा. हे काम आम्ही दोघांनी दीड दिवसात केलं. डॅम्पर जुनाच परत लावला आणि थरथर गेली.

पाटे

पाटे बसले असतील तर लोहाराकडे कमान परत चढवून घेता येते, पण तापवून नुसते वाकवलेले पाटे वर्षभरात पुन्हा बसतात. पाणी द्यायची (तापलेलं लोखंड विझवून कडक करायची) नीट सोय असलेल्याकडेच जा. यू-बोल्ट एकदा ताणलेला असतो, पाटा काढला की नवा घ्या. सगळ्यात जास्त चूक होते ती बुशच्या बोल्टची. गाडी हवेत लटकलेली असताना शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या दुव्याचे) बोल्ट पूर्ण आवळले की रबर त्या अवस्थेत धरलं जातं आणि गाडी खाली ठेवताच कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट आधी नुसते लावा, चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोनदा दाबा, मग टॉर्क पान्याने आवळा. दोनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत तपासा.

उंची वाढवायला शॅकल लांब करणारे पुष्कळ भेटतील. पुढचे शॅकल लांब केले की एक्सलचा कोन बदलतो, स्टिअरिंग हलकं आणि भिरभिरं होतं. वर सांगितलेली थरथर विकत घेण्याचा तो उत्तम मार्ग आहे.

वायरिंग आणि उंदीर

मल्टिमीटर काढा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारायला सांगा. तिथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. निम्मे सेल्फ आणि बॅटऱ्या या एका पट्टीपायी उगाच बदलल्या जातात. पट्टी नवी घ्या, बसण्याची जागा चकचकीत घासा, आवळा, वरून ग्रीस.

हेडलाइट पिवळे वाटतात त्यालाही बहुधा बल्ब कारण नसतो. वीस वर्षांच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून करंट जाताना व्होल्टेज गळतं. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. उपाय रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरच्या पिनला बॅटरीतून, बॅटरीजवळच फ्यूज लावून, जाड वायर. ८७ वरून बल्बकडे. ८५ आणि ८६ मधली एक पिन जुन्या स्विचच्या वायरीला, दुसरी अर्थला. डिपर-अप्परला वेगवेगळा रिले. पण थांबा: काही जुन्या सुझुकी गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह नाही तर निगेटिव्ह तोडतो. टेस्ट लॅम्पने आधी बघा. तसं असेल तर रिलेच्या त्या दुसऱ्या पिनला अर्थ नाही, फ्यूजमधून पॉझिटिव्ह द्यायचं. हे न बघता मी अर्धा दिवस घालवला आणि शेवटी गाडीच्या नाही, स्वतःच्या नावाने बोललो.

एलईडी बार काढायची गरज नाही. पण तो फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर असेल तर आजच सोडवा.

उंदरांचं काय? गाडी गोठ्याशेजारी, बाजूला कापसाची गंजी. दिवाळीनंतर एकदा पिकअप गेला म्हणून एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत आमच्याच वावरातल्या कापसाचं सुबक घरटं आणि त्यात पाच गुलाबी पिल्लं. डब्याच्या तोंडाला तारेची जाळी बसवली. वायरी जाड नळीतून नेल्या. बाकी तंबाखू, फिनाइल, डांबरगोळ्या सगळं करून झालं. गाडी आठवड्यातून दोनदा चालवणं आणि रात्री बोनेट उघडं ठेवणं याचाच जास्त उपयोग होतो, कारण उंदराला अंधार लागतो.

पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. जुन्या रबराला ते सोसत नाही, शिवाय ते पाणी ओढतं. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल सहन करणाऱ्या नळीचे करा. एमपीएफआयला दाब जास्त असतो, तिथे इंजेक्शनचीच नळी आणि क्लिप. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. टाकी गळते म्हणून वेल्डिंग? रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते. हे काम घरी नाही.

गंज

सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, चिकटून राहिलेल्यावर गंज-परिवर्तक लावा, तो काळा पडला की प्रायमर, मग रंग. गंजावर थेट डांबर फासण्याची पद्धत इकडे फार आहे. वरून काळंकुळकुळीत दिसतं, आत ओल अडकते आणि पुढच्या वर्षी पत्रा डांबरासकट हातात येतो. पायाखालचा पत्रा बदलताना साध्या आर्क वेल्डिंगने भोकं पडतात; मिग वेल्डिंगवाला शोधा, आणि वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, नाहीतर संगणकाचा बळी जातो.

टायर, आणि आरटीओचा हिशेब

मूळ २०५/७० आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ घातले की चाकाचा व्यास ६६८ वरून ७३३ मिलिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दहा टक्के. गाडी सव्वातीन सेंटिमीटर उंच होते हे खरं. पण काटा साठ दाखवतो तेव्हा तुम्ही सहासष्टने जात असता, प्रत्येक गिअर लांब होतो, ब्रेकला जास्त जोर लागतो. काळ्या मातीत तर रुंद टायरच्या खाचा दहा फुटांत भरून गुळगुळीत होतात. मी आता अरुंद टायरवर परत आलोय. चिखलात हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतो आणि डांबरीवर येण्याआधी पायपंपाने भरतो. पायपंप आळस आणतो, तेव्हा छोटा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर हे माझ्या मते खरं अपग्रेड.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून गाडी बदलायची नाही. इंजिन बदलणं वगैरेंना आरटीओची परवानगी लागते. पुढे लावलेल्या लोखंडी बुल बारवर २०१७ च्या डिसेंबरपासून कारवाई होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीला ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. तपासणीला जाण्याआधी हॉर्न, वायपर, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, हँडब्रेक आणि पीयूसी घरी बघून जा. माझी गाडी पहिल्यांदा परत पाठवली ती वायपरमुळे.

फसलात तर

सगळं करूनही श्रावणात एखाद दिवशी गाडी एक्सलपर्यंत बसणारच. चाक फिरवत राहू नका, ते खड्डा खोल करतं आणि मागची माती साबणासारखी करतं. हवा उतरवा, चाकापुढची माती फावड्याने उतार देऊन काढा, पऱ्हाटीच्या काड्या किंवा पोती चाकाखाली घाला, फोर-लो, दुसरा गिअर, हलक्या पायाने. नाही निघाली तर ट्रॅक्टर येतोच. तो येताना लोखंडी साखळी घेऊन येतो, आणि ती बंपरला अडकवतो.

बंपर पातळ पत्र्याचा असतो, तो उखडून साखळीसकट उडतो. तेव्हा आधीच, म्हणजे मेमध्येच, चेसिसच्या दोन्ही टोकांना भरीव हूक उच्च दर्जाच्या बोल्टने बसवून ठेवा. साखळीऐवजी जाड पट्ट्याचा दोर गाडीत ठेवा. ओढण्याआधी दोराच्या मधोमध एक ओलं पोतं टाका, म्हणजे दोर तुटला तरी उसळून अंगावर येत नाही. ट्रॅक्टरवाल्याला सांगा की झटका नको, हळूहळू ताण घे. आणि बघायला जमलेल्या पोरांना दोराच्या रेषेपासून दोराच्या लांबीइतकं तरी लांब उभं करा.